कॅथ लॅब अडीच तासांवर असेल, तर पहिलं इंजेक्शन कुठे द्यायचं?

प्रश्न सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरच्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरांचा आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्यांपैकी ज्यांच्या ईसीजीत मोठा झटका स्पष्ट दिसतो, त्यांना ॲस्पिरिन वगैरे देऊन आम्ही लगेच पुढे पाठवतो. गोव्यातलं बांबोळी अडीच तास, कोल्हापूर घाट धरून साडेतीन तास. बरेच जण उशिरा पोहोचतात, काही वाटेतच जातात. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, व्हावी म्हणून आमचा पाठपुरावा चालू आहे. ती होईपर्यंत हृदयविकारासाठी आसपासच्या रुग्णालयांचं जाळं उभारायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करावी?"

डॉक्टर, सुरुवात तुमच्याच रुग्णालयातून करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्या कॅज्युअल्टीत, तुमच्या हाताने गेलं पाहिजे. बाकीचं सगळं जाळं, म्हणजे बांबोळीचं हब (कॅथ लॅब असलेलं मध्यवर्ती रुग्णालय), १०८, ईसीजी वाचणारा तज्ज्ञ, सरकारी योजनेची कागदपत्रं, हे तुम्हाला ते इंजेक्शन निर्धास्तपणे देता यावं आणि दिल्यावर पेशंट बिनबोभाट पुढे जावा यासाठी असतं. बहुतेक जिल्ह्यांत हे उलट्या क्रमाने होतं. आधी हब कोण यावर बैठका, मग ॲपचं उद्घाटन, आणि इंजेक्शनचा विषय शेवटी 'उपलब्धतेनुसार'.

आधी साधा हिशेब मांडू. पेशंट आल्यापासून ईसीजीला 10 मिनिटं, ईसीजी दाखवून फोनाफोनी करण्यात 20, ॲम्ब्युलन्स दारात यायला 30, बांबोळीपर्यंत 150, आणि तिथे पोहोचल्यावर अँजिओप्लास्टीचा फुगा रक्तवाहिनीत फुगेपर्यंत 60 ते 90. बेरीज साडेचार ते पाच तास. त्याआधी घरी 'पित्त झालंय' म्हणून घालवलेले दोन-तीन तास वेगळेच. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की निदानापासून 120 मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर लायसिस करा, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध द्या, आणि तेही निदानानंतर 10 मिनिटांत सुरू करा. तुमच्या पेशंटला 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी मिळणं रस्त्याच्या अंतरामुळेच अशक्य आहे. त्यामुळे 'लायसिस की अँजिओप्लास्टी' हा वाद तुमच्यापुरता संपला. तो पणजीतल्या आणि कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी घालावा.

वेळेची किंमत किती, याचं एक जुनं विश्लेषण मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहितो. 1996 साली बोअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी लायसिसच्या चाचण्या एकत्र करून दाखवलं, की दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालं तर दर हजार पेशंटांमागे 65 जीव जास्त वाचतात. दुसऱ्या तासात हा आकडा 37 वर येतो, तिसऱ्यात 26 वर. म्हणजे सर्वांत मोठी घसरण पहिल्या दोन तासांतच होते, आणि ते दोन तास पेशंट तुमच्या तालुक्यात असतो. आमच्या हबच्या वाट्याला ते येतच नाहीत.

इथे हमखास एक शंका येते: लायसिस हा दुय्यम दर्जाचा उपचार नाही का? 2013 मध्ये स्ट्रीम नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. 1,892 पेशंट होते, सगळे दुखणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेले, आणि एका तासात अँजिओप्लास्टी मिळण्याची शक्यता नसलेले. अर्ध्यांना टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध देऊन नंतर अँजिओग्राफीला नेलं, अर्ध्यांना थेट अँजिओप्लास्टी केली. मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर आणि पुन्हा झटका हे सगळं मिळून पहिल्या गटात 12.4 टक्के, दुसऱ्यात 14.3 टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत दोन्ही सारखेच. लायसिसच्या गटात मेंदूतला रक्तस्राव जास्त होता, 1 टक्का. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना अर्धा डोस द्यायला सुरुवात केल्यावर तो निम्म्यावर आला. दुसरं लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे, लायसिस झालेल्यांपैकी 36 टक्के लोकांना तातडीची अँजिओग्राफी लागलीच. म्हणून इंजेक्शन देऊन पेशंटला वॉर्डात झोपवून ठेवणं हा अर्धा उपचार झाला. इंजेक्शन द्या आणि लगेच हलवा.

हे सगळं पुस्तकात आहे आणि तुम्हाला ठाऊकही असेल. तरी ग्रामीण रुग्णालयांत लायसिस का होत नाही? मी हबच्या बाजूला बसतो, त्यामुळे रात्री दोन वाजता येणारे फोन ऐकतो. कारण एकच असतं, भीती. ईसीजी चुकीचा वाचला तर? इंजेक्शननंतर पेशंटला पक्षाघात झाला तर? नातेवाईक कॅज्युअल्टी फोडतील. वरिष्ठ विचारतील, 'तुम्हाला कोणी सांगितलं होतं?' पुढे पाठवलं तर मात्र कोणी काही विचारत नाही. पाठवताना वाटेत गेलेला पेशंट कोणाच्याच नावावर लागत नाही, इंजेक्शननंतर गेलेला तुमच्या नावावर लागतो. एकटा बॉण्डवरचा एमबीबीएस मुलगा रात्री ड्युटीवर असताना त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ही भीती वाटून घेणं हे जाळ्याचं पहिलं काम आहे.

ती वाटून घ्यायची म्हणजे काय, ते सांगतो. ईसीजी निघाल्यापासून पाच मिनिटांत तज्ज्ञाचं लेखी उत्तर यायला हवं: 'एसटी उंचावलेला आहे, लायसिस द्या' (एसटी हा ईसीजीतला भाग वर उचलला जाणं ही मोठ्या झटक्याची खूण), खाली नाव आणि वेळ. तोंडी 'हो हो, द्या' नको. लेखी उत्तराचा कागद केसपेपरला लागला की त्या मुलाचा हात थरथरत नाही. गोव्यात सरकारने स्टेमी (एसटी उंचावलेला मोठा झटका) प्रकल्प राबवला तेव्हा हेच केलं. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हब, आणि जिल्हा रुग्णालयं, सामुदायिक व प्राथमिक आरोग्य केंद्रं स्पोक, म्हणजे हबला जोडलेली छोटी केंद्रं. ईसीजी यंत्रातून थेट क्लाउडवर जातो, काही मिनिटांत वाचून परत येतो आणि टेनेक्टेप्लेज तिथल्या तिथे मोफत दिलं जातं. तुमच्या सीमेपलीकडे हे चालू आहे, त्यामुळे 'आपल्याकडे जमणार नाही' हे कोणी म्हणालं तर त्याला पत्रादेवीच्या नाक्यापुढे, गोव्यात घेऊन जा. महाराष्ट्रातही याच धर्तीचा प्रकल्प काही जिल्ह्यांत आला. ईसीजी यंत्रं बसली, वाचन सुरू झालं. पण यंत्र बसणं आणि इंजेक्शन जाणं यांत जे अंतर उरतं, ते प्रत्येक रुग्णालयाला स्वतः भरून काढावं लागतं.

तोवर व्हॉट्सॲपवर काम चालवायचं असेल तर चालवा, मी नाक मुरडणार नाही. फक्त दोनशे जणांच्या ग्रुपवर ईसीजी टाकू नका. तिथे सगळे पाहतात आणि उत्तर कोणीच देत नाही, वर कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकतो. एकच नंबर हवा, त्या नंबरचा फोन त्या दिवशी कोणाच्या खिशात आहे याची ड्युटी लावलेली हवी, आणि पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर दुसरा नंबर कोणता हे भिंतीवर लिहिलेलं हवं. पेशंटचं नाव झाकून फोटो काढा, पण वय, दुखणं सुरू झाल्याची वेळ आणि बीपी सोबत लिहा. नुसता ईसीजी आला की आम्ही तेच तीन प्रश्न विचारतो आणि पाच मिनिटं जातात.

ईसीजीबद्दल थोडं तपशिलात बोलतो, कारण रुग्णालयाच्या आत इथे जितका वेळ जातो तितका कुठेच जात नाही. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याने केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं नाही, आधी ईसीजी, मग पेपर. हे ठरवायला कुठल्या जीआरची गरज नाही. ईसीजी डॉक्टरने काढायची वाट पाहू नका. रात्रपाळीच्या सिस्टरला, ब्रदरला आणि शक्य असेल तर कक्षसेवकालाही लीड (ईसीजीच्या तारा) लावता यायला हवेत. छातीवरचे व्ही-1 आणि व्ही-2 हे लीड चौथ्या फासळीखालच्या फटीत हवेत, प्रत्यक्षात ते बऱ्याचदा गळ्याच्या दिशेने वर सरकलेले असतात. घामाने छाती ओली असते, लीड सुटतात, म्हणून ट्रॉलीवर गॉजचा बोळा आणि रेझर ठेवा. कागदाचा रोल संपलेला असतो, तेव्हा एक जास्तीचा रोल यंत्राच्या कप्प्यातच राहू द्या. खालच्या भिंतीचा झटका दिसला तर उजव्या बाजूचा व्ही-4 काढा. हृदयाची उजवी बाजू झटक्यात सापडली असेल आणि बीपी कमी असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट देऊ नका, त्याने बीपी आणखी कोसळतं. पहिला ईसीजी साधा आला आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढा. एका साध्या ईसीजीवर 'गॅस आहे' म्हणून घरी पाठवलेले पेशंट आम्हाला सकाळी शॉकमध्ये भेटतात.

आणि यंत्राचं घड्याळ लावा. मी एका जिल्ह्यात स्पोकची पाहणी करत होतो तेव्हा निम्म्या यंत्रांवर तारीखच भलती होती; एकावर तर 2009 चा जानेवारी चालू होता. वेळ मोजायची आणि घड्याळ खोटं, असं असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

आता औषधाचं कपाट. एका ग्रामीण रुग्णालयात टेनेक्टेप्लेजच्या चार व्हायल होत्या, नोंदवहीत व्यवस्थित. पण त्या स्टोअरच्या कुलपात, आणि चावी फार्मासिस्टकडे, जो संध्याकाळी साडेसहाला घरी जातो. महागडं औषध हरवलं तर वसुली लागेल या भीतीने कुलूप होतं, त्यात त्याचा दोष काय? उपाय साधा निघाला: दोन व्हायल कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये, दर पाळीला सिस्टरांनी मोजून सही करायची, वापरली की रिकामी व्हायल आणि ईसीजीची प्रत स्टोअरला जमा. एवढ्यावर ऑडिटचंही समाधान झालं. टेनेक्टेप्लेज 2022 पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, तेव्हा मागणीपत्रात 'विशेष बाब' म्हणून विनवणी करण्याचीही गरज नाही. एक्स्पायरी जवळ आली की ती व्हायल जास्त पेशंट येणाऱ्या उपजिल्हा रुग्णालयात फिरवा आणि नवी घ्या. हे जिल्हा पातळीवर एका माणसाला नेमून दिलं नाही तर कोणीच करत नाही.

स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं जुनं औषध) की टेनेक्टेप्लेज? मिळत असेल तर दुसरं. स्ट्रेप्टोकायनेजचे 15 लाख युनिट तास-अर्धा तास ठिबकत द्यावे लागतात, बीपी पडतं, सिस्टर पेशंटपाशी अडकून पडते आणि ॲम्ब्युलन्स दारात थांबून राहते. टेनेक्टेप्लेज एका दमात शिरेतून जातं आणि पेशंट लगेच हलतो. डोस वजनावर आहे: 60 किलोच्या आत 30 मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोला 5 ने वाढत 90 किलो आणि त्यावर 50. पंच्याहत्तरीपुढे अर्धा. वजनकाटा नसेल तर नातेवाइकाला विचारा, तिथे दहा मिनिटं घालवू नका. एक बारकावा: डेक्स्ट्रोजच्या लाइनमधून ते देऊ नका, त्यात साका धरतो, आधी नॉर्मल सलाइनने लाइन धुवा. व्हायल खळखळून हलवू नका, हळू फिरवा. पण स्ट्रेप्टोकायनेजच हाताशी असेल तर टेनेक्टेप्लेजची वाट पाहत बसू नका, तेच द्या.

कोणाला द्यायचं नाही, याची यादी एका पानावर लॅमिनेट करून ट्रेला बांधा. आधी कधीही मेंदूत रक्तस्राव, गेल्या सहा महिन्यांत पक्षाघात, महिन्याभरात मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार, चालू रक्तस्राव, पाठीत फाटल्यासारखं दुखून महाधमनी फाटल्याचा संशय. बीपी 180/110 च्या वर असेल तर आधी ते उतरवा आणि हबला विचारा. प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही, खाली सही. हेच पान संमतिपत्राच्या मागे छापा. नातेवाइकांना सांगताना मी एकच वाक्य वापरायला शिकवतो: 'हे औषध शंभरातल्या एकाला मेंदूत रक्तस्राव करू शकतं, पण न देता तीन तास गाडीत नेणं त्याहून धोक्याचं आहे.' लोक समजून घेतात. आपण घाईत पुटपुटतो, तिथे बिघडतं.

प्रशिक्षण कोणाला द्यायचं, यावर माझं मत ठाम आहे: सिस्टरांना. मेडिकल ऑफिसर बदलतात, बॉण्ड संपतो, पीजीला नंबर लागतो. इन्चार्ज सिस्टर त्याच वॉर्डात दहा-दहा वर्षं असतात. त्यांच्या डोक्यात ईसीजी, ट्रे, फोन, ॲम्ब्युलन्स हा क्रम बसला की नवीन डॉक्टरला त्याच सांगतात, 'सर, हे स्टेमी वाटतंय, नंबर लावू का?' ज्या स्पोकमध्ये हे वाक्य ऐकू येतं तिथे वेळा आपोआप सुधारतात. डॉक्टरांच्या कार्यशाळेला हॉटेलात हॉल घेण्यापेक्षा तो पैसा यावर लावा.

आता पाठवणी. इंजेक्शन देण्याचा निर्णय झाला त्याच क्षणी १०८ ला फोन जायला हवा, इंजेक्शन संपल्यावर नव्हे. तुमच्या दारातून आत येऊन बाहेर पडेपर्यंत 30 मिनिटं हे उद्दिष्ट ठेवा. सुरुवातीला 60 निघतील, चालेल. महाराष्ट्रात १०८ सेवा जानेवारी 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली, त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि बाकीच्या मूलभूत. सांगायचं कारण, तुमच्या दारात जी गाडी येते ती बहुधा मूलभूत सुविधेची असते, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर आत आहे आणि चालतो आहे की नाही हे रात्री दोन वाजता कळून उपयोग नाही. पहिल्या काही तासांत हृदयाचे ठोके भरकटून पेशंट जाण्याची भीती सर्वांत जास्त असते. तिथे डिफिब्रिलेटरला पर्याय नाही. तालुक्यातल्या कोणत्या गाडीत काय आहे, ते दर महिन्याला एकदा गाडीत चढून बघा आणि ड्रायव्हर व गाडीवरच्या डॉक्टरांशी चहा घ्या. बैठकीत निघत नाही ते तिथे निघतं: कोणत्या वळणावर रेंज जाते, झाराप-पत्रादेवी बायपासने गेलं तर वाटेत सावंतवाडीचं रुग्णालय लागतच नाही, पाऊस असेल तर कोणता घाट टाळतात. कोल्हापूरकडे जाणारा करूळ घाट 2024 मध्ये कामासाठी कित्येक महिने बंद होता. तेव्हा 'कोल्हापूर साडेतीन तास' हा तुमचा आकडाही त्या वर्षापुरता खोटा होता.

इंजेक्शननंतर 60 ते 90 मिनिटांनी पुन्हा ईसीजी हवा. एसटी निम्म्याहून खाली आला आणि दुखणं थांबलं, तर रक्तवाहिनी उघडली असं धरून 24 तासांच्या आत अँजिओग्राफी. नाही आला, तर पोहोचताक्षणी टेबलावर. हा दुसरा ईसीजी तुमच्या पेशंटच्या बाबतीत गाडीतच काढावा लागेल, कारण तेव्हा तो कुडाळच्या पुढे कुठेतरी असणार. गाडीत यंत्र नसेल तर ठरलेल्या एका रुग्णालयात पाच मिनिटं थांबून काढायची व्यवस्था लावा. त्या पाच मिनिटांसाठी गाडीतून पेशंट उतरवायचा नाही, यंत्र गाडीत चढवायचं.

यासाठी जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसा. अमेरिकेत मिनियापोलिसच्या हार्ट इन्स्टिट्यूटने 2003 मध्ये असाच नकाशा केला: 60 मैलांच्या आतली रुग्णालयं पेशंट थेट अँजिओप्लास्टीला पाठवणार, 60 ते 210 मैलांमधली आधी गुठळीचं औषध देऊन पाठवणार. नॉर्थ कॅरोलिनात 65 रुग्णालयांनी याच पद्धतीने प्रत्येकाचं उत्तर आधीच ठरवून टाकलं. पेशंट आल्यावर 'आता काय करू या' हा प्रश्नच उरला नाही. तुमच्याकडे दोडामार्ग आणि सावंतवाडीचं उत्तर देवगड आणि वैभववाडीच्या उत्तरापेक्षा वेगळं असणार. गोव्याच्या हद्दीजवळच्या गावातून आलेल्या, दुखणं सुरू होऊन अर्धाच तास झालेल्या माणसाला थेट बांबोळीला हलवणं हिशेबात बसू शकेल. मालवणच्या माणसाचं ते बसत नाही. हे जिल्ह्याने एकदा लिहून ठेवलं की रात्रीचा वाद मिटतो.

हबकडून काय मागायचं? सर्वांत आधी, नकार नाही. स्टेमीचा पेशंट निघालाय म्हटल्यावर 'बेड बघून सांगतो' हे वाक्य बंद. बेड नसेल तर टेबलावरून उतरल्यानंतर शोधू. मग एकच फोन: तुम्ही एका नंबरवर फोन करायचा, त्या फोनने लॅबची टीम उठते. 2006 च्या एका अमेरिकी अभ्यासात असल्या साध्या सवयींनी किती मिनिटं वाचतात ते मोजलं होतं. एका फोनवर टीम जमली तर जवळपास 14 मिनिटं, पेशंट वाटेत असतानाच लॅब सुरू केली तर 15, टीमने अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांत पोहोचायचं ठरवलं तर 19. यांतल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. कोल्हापूरसारख्या शहरात खासगी लॅब अनेक आहेत. तिथे व्हिएन्नाचं उदाहरण सांगा: रात्री सगळ्या लॅब अर्धवट उघड्या ठेवण्यापेक्षा त्यांनी पाळी लावली, ॲम्ब्युलन्सला आज रात्री कुठे जायचं ते आधीच माहीत. कोणताच उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण तिथे 34 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आलं आणि रुग्णालयातले मृत्यू 16 वरून साडेनऊ टक्क्यांवर. खासगी डॉक्टर पाळीला तयार होतील का? पैसे वेळेवर मिळाले तर होतात, एवढंच म्हणतो.

पैशाचा विषय टाळून चालत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आणि तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोय आहे. पण योजनेचं काम पाहणाऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ते रात्री कोण सांगणार? रेशनकार्ड आणि आधारचा फोटो तुमच्याच कॅज्युअल्टीतून हबला गेला, तर पेशंट पोहोचेपर्यंत तिकडे अर्ज भरून होतो. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या पेशंटचं तर आधीच मिटवून ठेवायला हवं. 2018 मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा तुमच्या जिल्ह्यात केवढं आंदोलन उभं राहिलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. बांबोळीत कोणत्या कार्डावर काय चालतं याची ताजी माहिती दर तिमाहीला लेखी घ्या आणि नातेवाइकांना गाडीत बसण्याआधी सांगा. नाहीतर ते वाटेत निर्णय बदलतात.

या सगळ्याने खरंच फरक पडतो का? तामिळनाडूत पडला. तिथे 2012 ते 2014 दरम्यान चार समूह करून, दूरच्या छोट्या रुग्णालयांना अँजिओप्लास्टीच्या हबशी जोडलं आणि 2,420 पेशंटांची आधी-नंतर तुलना केली. अँजिओग्राफी झालेल्यांचं प्रमाण 35 टक्क्यांवरून 61 च्या आसपास गेलं, आणि वर्षभरातले मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. सरकारी रुग्णालयं, सरकारी विमा योजना, आपल्यासारखेच रस्ते. माझ्या मते आपल्यासाठी हा सर्वांत जवळचा पुरावा आहे.

पण दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेत 2005 ते 2009 या काळात रुग्णालयाच्या दारापासून फुग्यापर्यंतचा मधला वेळ 83 मिनिटांवरून 67 वर आला, सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली, आणि रुग्णालयातल्या मृत्यूंचं प्रमाण 4.8 वरून 4.7 टक्के. म्हणजे जवळपास जागच्या जागी. आपल्याकडच्या क्रिएट नोंदवहीत, जिच्यात वीस हजारांवर पेशंट होते, दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागणारा मधला वेळ 360 मिनिटं निघाला, आणि पोहोचल्यावर लायसिसला 50. सहा तास बाहेर आणि पाऊण-एक तास आत. आपण आतल्या पाऊण तासावर परिषदा भरवतो.

त्या सहा तासांत पेशंट कुठे असतो? थोडा वेळ घरी, सोडा आणि ओवा. मग गावातल्या डॉक्टरांकडे, जिथे त्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळतं आणि बरंही वाटतं. म्हणून तुमच्या जाळ्याचा पहिला धागा तालुक्यातले बीएएमएस, बीएचएमएस प्रॅक्टिशनर आहेत. त्यांना बैठकीला बोलावून ज्ञान देऊ नका. त्यांना तोच एक नंबर द्या, 'चाळिशीपुढचा माणूस, मधुमेही, घाम, छातीत किंवा जबड्यात दाब: आधी ॲस्पिरिन 300 चघळायला, मग ईसीजीला आमच्याकडे' एवढं कार्ड द्या, आणि त्यांनी पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी फोन करून कळवा. मधुमेही बाया आणि म्हाताऱ्यांना बऱ्याचदा छातीत दुखतच नाही, नुसती दम लागल्याची, गळून गेल्याची तक्रार असते, हेही कार्डावर हवं. आपला पेशंट आपल्याकडे परत येतो हे दिसलं की डॉक्टर स्वतःहून पाठवायला लागतात. पेशंट पळवला जातो ही त्यांची शंका अगदीच निराधार नसते.

मोजायला आठ वेळा पुरेत: दुखणं कधी सुरू झालं, दारात कधी, ईसीजी कधी, हबचं उत्तर कधी, इंजेक्शन कधी, गाडी कधी निघाली, हबला कधी पोहोचली, अँजिओग्राफी कधी. एक पान, पेशंटबरोबर जाणार, फोटो तुमच्याकडे राहणार. महिन्यातून एकदा हब आणि सगळे स्पोक तासभर बसा आणि फक्त ज्या केसला सर्वांत जास्त वेळ लागला ती उलगडा. कोण चुकलं हे विचारलं, की पुढच्या महिन्यात वेळा खोट्या लिहिल्या जातात. हबने दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीचा व्हिडिओ आणि दोन ओळी स्पोकला पाठवायलाच हव्यात. ज्या सिस्टरने रात्री इंजेक्शन भरलं तिला ती उघडलेली रक्तवाहिनी दिसू दे.

राहिला तुमचा कॅथ लॅबचा पाठपुरावा. तो सोडू नका, पण प्रस्तावाला वर्षभराची ही पानं जोडा. किती पेशंट आले, किती रात्री आले, कितींना लायसिसनंतरही तातडीची अँजिओप्लास्टी लागली, हे आकडे मंत्रालयात मोर्च्यापेक्षा जास्त बोलतात. आणि यंत्रापेक्षा पदांची यादी लांब ठेवा: चोवीस तास लॅब चालवायची तर तीन-चार हृदयरोगतज्ज्ञ, तितकेच तंत्रज्ञ, लॅबच्या सिस्टर, आयसीयू आणि जवळच राहायला क्वार्टर. साडेआठ लाखांच्या जिल्ह्यात एकाच तज्ज्ञावर उघडलेली लॅब सोमवार ते शुक्रवार दुपारी चालते. शनिवारी रात्री आलेल्या माणसाला तुमच्या ट्रेमधली व्हायलच लागणार आहे. तेव्हा प्रस्ताव फिरत असताना या आठवड्यात स्टोअरची चावी, ईसीजीचं घड्याळ आणि तो एक नंबर एवढं उरकून घ्या. हबकडून कोणी दाद देत नसेल तर कळवा, आमच्या बाजूने बोलतो.